सिलिंडर हेड (जुन्या ट्रकच्या ताकदवाढीसाठी)

सिलिंडर ब्लॉकवर स्टडने आवळलेले बिडाचे ओतीव झाकण. हवेचे व धुराचे पोर्ट, व्हॉल्व्ह, नोझल आणि थंडाव्याच्या पाण्याच्या वाटा त्याच्याच पोटात असतात. जुन्या ट्रकच्या इंजिनाची अश्वशक्ती वाढवताना हेड कोणते निवडावे, एवढ्याच प्रश्नापुरती ही नोंद आहे आणि ती धुळे-जळगाव पट्ट्यातील डिझेल ट्रक समोर ठेवून लिहिली आहे. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात, रावेर-यावलची केळी मोठ्या प्रमाणात ट्रकनेच उत्तरेकडे जातात. इंजिन खोलणाऱ्या-बांधणाऱ्या हातांची इथे वाण नाही. जास्त ताकद हवी तर मोठ्या पोर्टचे, जास्त हवा घेणारे हेड शोधावे, हा सर्वसाधारण समज. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत तो बराचसा खरा आहे. जुन्या डिझेल ट्रकचे हेड मात्र उष्णता सोसण्याच्या आणि दाब अडवून धरण्याच्या कुवतीवरून पारखावे लागते. हवेचा प्रश्न दुसऱ्या ठिकाणी सुटतो.

निवडीला वाव किती, हे इंजिनाच्या पिढीवर ठरते. टाटांच्या टेल्कोने 1954 मध्ये डाइमलर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बांधायला सुरुवात केली. त्यातल्या एल-312 चे इंजिन प्रीचेंबर पद्धतीचे होते: डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कोठडीत पेटते आणि मग सिलिंडरमध्ये झेपावते. तिथे हेड बदलणे म्हणजे ज्वलनाची रीतच बदलणे, तेव्हा मूळ हेड दुरुस्त करण्यावाचून फारसा इलाज नसतो. पुढच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांत ती कोठडी गेली, ज्वलनाची वाटी पिस्टनच्या माथ्यावर आली आणि हेडचा तळ सपाट झाला. टाटांची 692 आणि 697 ही इंजिने या जातीची. नावातला पहिला अंक सिलिंडरांचा, पुढचे दोन बोअरच्या मिलिमीटरांचे. 697 म्हणजे 97 मिमी बोअरची सहा सिलिंडर, 128 मिमी स्ट्रोक धरून 5,675 घनसेंमी. वाकलेले सपाट हेड फेसिंग करून पुन्हा लावता येते, पण दर फेसिंगला व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ सरकतात आणि नोझलचे टोक जास्त बाहेर येते, म्हणून ही सोय फार वेळा वापरता येत नाही. परक्या कंपनीचे हेड बसवणे तर जवळजवळ अशक्यच. स्टड, पुशरॉड, पाणी आणि ऑइल यांची भोके जुळत नाहीत. उरतात ते पर्याय असे: मूळ हेड नीट करणे, त्याच इंजिनाचे नवे हेड घेणे, किंवा त्याच घराण्यातील टर्बो इंजिनाचे हेड मिळवणे.

हवेची बाजू आधी पाहू. 5,675 घनसेंमीचे चार-स्ट्रोक इंजिन मिनिटाला 2,800 फेऱ्यांवर फार तर आठ हजार लिटर हवा ओढू शकते. पोर्ट कितीही घासले तरी या आकड्याच्या थोडे अधिक जवळ जाता येते, एवढेच. टर्बोने एक बारचा दाब चढवला की तीच हवा जवळपास दुप्पट होते. दाबताना ती तापते म्हणून पूर्ण दुप्पट नाही. मर्सिडीजचे ओएम 352 हे याच बोअर-स्ट्रोकचे इंजिन साधे असताना सुमारे 130 अश्वशक्ती देई, टर्बो लावलेली त्याची आवृत्ती 160 च्या पुढे गेली, आणि दर सिलिंडरला दोन व्हॉल्व्हची मांडणी तशीच राहिली. खानदेशात आणखी एक गोष्ट जमेस धरावी लागते: 45 अंशांची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा नऊ-साडेनऊ टक्के विरळ असते. मे महिन्यातल्या जळगावात ही तूट पोर्ट घासून भरून काढण्यापेक्षा इंटरकूलर लावणे शहाणपणाचे.

खरी कसोटी यानंतर लागते. ज्वलनाचा दाब 100 बार धरला तर 97 मिमीच्या एका सिलिंडरवर हेडला साडेसात टन जोराने वर ढकलले जाते. 140 बारला तोच जोर साडेदहा टनांवर जातो. हा भार स्टड, गॅस्केट आणि हेडचा जाड तळ यांनीच पेलायचा. त्यात उष्णतेची भर. पाणी 95 अंशांवर आणि बाहेरची हवा 25 अंशांवर असेल तर रेडिएटरला 70 अंशांचा फरक मिळतो. हवा 45 ची झाली की तो 50 वर येतो, म्हणजे थंड करण्याची ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते. चाळीसगावहून कन्नड घाट चढणारी भरलेली गाडी खालच्या गियरमध्ये असते, समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर. वर रेडिएटरमध्ये बोअरवेलचे जड पाणी वर्षानुवर्षे ओतलेले असले की क्षारांचा थर बरोबर नको तिथे, दोन व्हॉल्व्हच्या सीटमधल्या अरुंद बिडामागे, साचतो. इनलेट आणि एक्झॉस्टच्या सीटमध्ये पडणारी केसासारखी भेग तिथूनच सुरू होते. पोर्ट मोठे करताना नेमके याच भागाच्या आसपासचे बीड खरवडले जाते, ही या समजाची सर्वात महागडी बाजू.

यावर पहिला आक्षेप ॲल्युमिनियमचा. ते बिडाच्या सुमारे तिप्पट उष्णता वाहते आणि शेव्हरोलेसारख्या अमेरिकी पेट्रोल व्ही-8 इंजिनांच्या ताकदवाढीत त्याची हेडे सर्रास वापरली जातात. पण तिथे थंड हेडचा मोठा फायदा नॉकिंग टाळण्यात आहे, आणि डिझेलला ती अडचणच नाही. उलट 90 सेंमी लांबीचे हेड 80 अंशांनी तापले तर बिडाचे पाऊण मिलिमीटर वाढेल, ॲल्युमिनियमचे दीड. बिडाच्या ब्लॉकवर हा फरक गॅस्केटच्या माथी येतो. दुसरा आक्षेप असा की आजची डिझेल इंजिने दर सिलिंडरला चार व्हॉल्व्ह वापरतात, मग हवा बिनमहत्त्वाची कशी? ती महत्त्वाची आहेच, आणि नोझल बरोबर मधोमध बसतो हा लाभही खरा. फक्त तो फायदा घ्यायचा तर सबंध इंजिन बदलावे लागते, आणि मग मोटार वाहन कायद्याचे कलम 52 व आरटीओची परवानगी हा वेगळाच विषय सुरू होतो. पोर्टच्या बाजूने एवढे मात्र मान्य करायला हवे की एक्झॉस्टकडची ओतकामाची खरखर हलक्या हाताने काढली तर धूर मोकळा निघतो आणि टर्बोलाही बरे पडते. तिसरा आक्षेप व्यवहारी आहे: जुने हेड तपासत बसण्यापेक्षा नवे का घेऊ नये? नव्या ओतकामात गाभा सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत पातळ राहते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. अनेक वर्षे तापून-निवून मुरलेल्या बिडातले ओतकामाचे ताण बरेचसे निघून गेलेले असतात. असे हेड भेगांतून वाचले असेल तर तेच पसंत करावे, असे प्रस्तुत नोंदीचे मत आहे. टर्बो आवृत्तीचे, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि सीट चांगल्या धातूचे असलेले हेड सापडले तर अर्थातच ते पहिले.

जुने हेड भेगांतून वाचले आहे की नाही, हे तपासूनच ठरते. हेड धुऊन, क्षार काढून, पाण्याच्या वाटा बंद करून गरम पाण्याच्या टाकीत बुडवतात आणि आत हवेचा दाब देतात; भेग असेल तिथून बुडबुडे येतात. थंड हेडवर हीच चाचणी फसवी ठरते, कारण काही भेगा बीड तापल्यावरच उघडतात. मग सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून फिलर गेज घालून पाहतात. सीटमधली भेग वेल्डिंगने भरून देणारे भेटतात. बीड नीट तापवून सावकाश निववले नाही तर शेजारीच नवी भेग पडते, त्यामुळे ताकद वाढवायच्या इंजिनाला असे हेड लावू नये. आवळणी मधल्या स्टडपासून बाहेरच्या बाजूंना, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क रेंचनेच करावी. गॅस्केट जुन्या पद्धतीची असेल तर इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झाल्यावर स्टड पुन्हा तपासावे लागतात आणि त्यानंतर टॅपेटही नव्याने लावावे लागतात.