लुईसची हवेची बंदूक

शिकारी आधी सावज पाहतो, मग गोळीचा व्यास ठरवतो. अमेरिकेच्या पश्चिमेकडे जायला निघालेल्या मेरीवेदर लुईसने १८०३ साली घेतलेली हवेची बंदूक मात्र या हिशेबात बसत नाही. ऑस्ट्रियन सैन्याने १७८० साली स्वीकारलेल्या जिरार्दोनी बनावटीची ती होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. आजचा छर्रा साडेचार किंवा साडेपाच मिलिमीटरचा. जिरार्दोनीची शिशाची गोळी सुमारे बारा मिलिमीटरची, हरणालाही पुरेशी. धूर नाही, ठिणगी नाही, एका भरणीत वीसेक गोळ्या.

तरी पोटापाण्याची शिकार दारूच्या बंदुकांवरच चालली. हवेच्या बंदुकीच्या दस्त्यातली टाकी भरायला पंपाचे सुमारे दीड हजार हात मारावे लागत, आणि दर बाराला दाब उतरे. दारू लुईसने शिशाच्या डब्यांत नेली होती. रिकामा डबा वितळवून गोळ्या ओतायच्या. (मला ही युक्ती त्या बंदुकीहून सरस वाटते.)

हवेची बंदूक बाहेर निघे ती बहुधा लोकांपुढे. १७ ऑगस्ट १८०५ रोजी ती शोशोनींना दाखवली, तेव्हा डोंगर ओलांडायला त्यांचे घोडे हवे होते. ती त्यांना दैवी वाटली, अशी लुईसच्या रोजनिशीत नोंद आहे. दुसऱ्या दिवशी तीन घोडे मिळाले. मोबदल्यात लष्करी कोट, रुमाल, सुऱ्या असे सामान द्यावे लागले.