लांडग्याच्या कातड्याचा ढोल

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी मी एक प्रोग्राम लिहिला होता. दोन सूर दिले की त्यांच्या कंपनसंख्यांचं गुणोत्तर काढून, ते एकत्र कानाला किती गोड लागतील याचे तो शंभरपैकी गुण द्यायचा. षड्ज-पंचम पहिल्या वर्गात आले. मारव्यातला कोमल रिषभ षड्जाबरोबर लावून पाहिला, तर तो जवळजवळ नापास. आमच्या घरी मारवा लागला की सगळे गप्प होतात, हे प्रोग्रामला कुठून ठाऊक असणार!

पुढे नोकरीला लागल्यावर कळलं, की याच वयात रेने देकार्तनेही हाच उद्योग केला होता.

साल १६१८. देकार्त २२ वर्षांचा. कायद्याची पदवी मिळाली होती, पण स्वारी वकिलीऐवजी नेदरलँड्समध्ये मॉरिस ऑफ नासाऊच्या सैन्यात दाखल झालेली. १० नोव्हेंबरला ब्रेडा गावात त्याची गाठ आयझॅक बेकमनशी पडली. बेकमन सात वर्षांनी मोठा. मेणबत्त्या बनवणं, पाण्याचे नळ टाकणं असली कामं केलेला आणि नुकताच वैद्यकीची पदवी घेतलेला. दोघांची गट्टी जमली. वर्ष संपता संपता देकार्तने संगीतावर एक लॅटिन पुस्तिका लिहून मित्राला नव्या वर्षाची भेट म्हणून दिली: ‘कॉम्पेंडियम म्युझिके’. हे त्याचं पहिलं पुस्तक. अडाणी शिपायांच्या गराड्यात घाईने लिहिलंय, कुणाला दाखवू नकोस, अशी विनंतीही शेवटी आहे.

पुस्तिकेत तो तारेचे भाग पाडत जातो. अर्धी तार छेडली की वरचा षड्ज, दोन-तृतीयांश छेडली की पंचम, तीन-चतुर्थांश छेडली की मध्यम. प्रमाण जितकं सोपं, तितका मेळ सहज कळतो. मात्र फार सहज कळलेलं कानाला पुरत नाही आणि फार अवघड झालं तर कान थकतो, असंही तो सुरुवातीलाच बजावतो. (हे वाक्य मला कॉलेजात सापडलं असतं तर!) शिवाय एक ऐकीव गोष्ट सांगतो: लांडग्याच्या कातड्याचा ढोल वाजला की मेंढीच्या कातड्याचा ढोल मुका होतो. पुढे सगळ्या जगावर शंका घेणाऱ्या माणसाला या ढोलावर मात्र शंका आली नव्हती.

दहा-अकरा वर्षांनी मैत्री फाटली. देकार्तच्या संगीतविचारात आपलाही वाटा आहे, असं बेकमनने मेर्सेन या पॅरिसच्या विद्वान पाद्र्याला सुचवलं. देकार्त भडकला, त्याने हस्तलिखित परत घेतलं आणि तुझ्याकडून मी काहीच शिकलो नाही, अशा अर्थाचं जहाल पत्र लिहिलं. पुस्तिका छापली गेली ती १६५० मध्ये, देकार्तच्या मृत्यूनंतर. बेकमनची बाजू कळायला १९०५ उजाडावं लागलं. त्या वर्षी मिडलबर्गमध्ये त्याची रोजनिशी सापडली. तारेची लांबी आणि कंपनं यांचं नातं त्याने देकार्त भेटायच्या आधीच मांडलं होतं, हे त्या पानांवर दिसतं. मला विचाराल तर देकार्तचं वागणं कोतेपणाचं होतं.

पण त्याच सुमारास, १८ मार्च १६३० ला, त्याने मेर्सेनला लिहिलेलं पत्र मला पुस्तिकेपेक्षा मोलाचं वाटतं. सौंदर्याचं कारण गणिताने सांगता येईल का, असा प्रश्न होता. देकार्त म्हणतो, नाही. एकाच सुरावटीने कुणाला नाचावंसं वाटेल, तर कुणाला रडू येईल. आपल्या आठवणीतलं काय जागं होतं, त्यावर ते अवलंबून. पुढे उदाहरण देतो: व्हायोलिन वाजत असताना कुत्र्याला पाच-सहा वेळा चाबकाने झोडपलं, तर नंतर नुसतं व्हायोलिन ऐकूनही तो केकाटत पळेल.

आजोबांच्या शेवटच्या आजारपणात रोज संध्याकाळी त्यांच्या खोलीत मारव्याची एकच कॅसेट लागायची. आई अजून तो राग पुरता ऐकत नाही, मध्येच उठून स्वयंपाकघरात जाते.

प्रोजेक्टला मला चांगले मार्क पडले होते.