लस घेऊ, पण हिशेब विचारून

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे आमचं इस्लामपूर राज्यभर गाजलं. पुढच्या वर्षी लस आली, तेव्हा वस्तीतल्या मजूर बाया विचारायच्या, "ताप आला तर बुडालेली मजुरी कोण देणार?" शिकलेल्यांनी याला अडाणीपणा म्हटलं. आम्ही म्हणत नाही. तो हिशेब आहे आणि सव्वाशे वर्षं जुना आहे.

10 जानेवारी 1897 ला मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना टोचली. न टोचलेल्यांत 12 जण आजारी पडले, 6 दगावले. टोचलेल्यांत 2 आजारी पडले, दगावलं कुणीच नाही. फायदा उघड होता. पण कोठडीत बंद असलेल्या माणसाच्या होकाराला किती अर्थ असतो, हेही आपण विचारलं पाहिजे.

त्यानंतर बरोबर दोन महिन्यांनी, 10 मार्चला, सावित्रीमाई गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेगनं आजारी पोर त्यांनी पाठीवर घालून यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि त्यांनाच लागण झाली. लस त्या वस्तीपर्यंत पोचलीच नव्हती. लस न मिळण्याचीही किंमत असते. ती आधी आपल्या वस्त्या मोजतात.

आता दुसरी बाजू. 1902 मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावात 107 जणांना ही लस टोचली. 19 जण धनुर्वातानं मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. हाफकिन निलंबित झाले. पुढे 1907 मध्ये ते दोषमुक्त झाले. बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता, असं उघड झालं. दोष लशीचा नव्हता, हाताळणीचा होता. पण 19 माणसं गेली ती गेलीच. त्यांच्यासाठी लस फेकायची नाही आणि लशीसाठी त्यांना लपवायचं नाही.

कोव्हिशिल्डनंतर फार क्वचित कुणाच्या रक्तात गाठी झाल्या. कोरोनानं मरण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा होता. हे दोन्ही आकडे वस्तीत येऊन समजावून सांगितले असते, तर अफवांना जागा उरली नसती. तेव्हा खासगी दवाखान्यात तिचा एक डोस 780 रुपयांना होता. तो खर्च मजुराच्या हिशेबात कुणी धरला?

कुणी सांगतं म्हणून मानू नका, पारखून घ्या, हे तथागतांनी कालामांना सांगितलं. म्हणून लस घ्यायचीच. पण फायदा किती, धोका किती आणि काही झालं तर जबाबदार कोण, हे तिन्ही प्रश्न विचारून.

जय भीम!