गड बघू, पाणवठेही बघू

बचतगटाची सहल ठरली की पहिलं नाव निघतं रायगडाचं. महाड-पोलादपूरच्या आपल्याला तो जवळचाच. रोपवेने वर जायचं, होळीचा माळ, राजदरबार, समाधी, फोटो, की खाली. यंदा जाल तेव्हा एक करा. पाणी कुठे होतं ते बघा. हंडा-कळशी आपल्याच डोक्यावर असते, तेव्हा ही नजर आपल्याकडे आहेच.

सुरुवात पाचाडपासून करा. महाडहून पंचवीसेक किलोमीटरवर, गडाच्या पायथ्याला. गडावरची हवा जिजाऊंना मानवेना म्हणून महाराजांनी इथे त्यांच्यासाठी वाडा बांधला. आता चौथरे आणि तटाच्या भिंती उरल्यात. पण वाड्यातली विहीर बघाच. काठावर टेकून बसायला दगडी तक्क्या आहे, म्हणून ती तक्क्याची विहीर. इथे बसून जिजाऊ पाण्याला येणाऱ्या बायकांची सुखदुःखं ऐकत, असं सांगतात. लिहिलेला पुरावा मागाल तर अवघड आहे, पण आम्हाला ते खरं वाटतं. पाणवठ्यावर जे कळतं ते दरबारात कुठलं कळायला? ६ जून १६७४ ला राज्याभिषेक झाला आणि १७ जूनला जिजाऊ गेल्या. समाधी पाचाडलाच आहे.

वर गेल्यावर गंगासागर तलाव. बाजूलाच मनोरे, आणि पलीकडे राणीवशाचे चौथरे ओळीने. गड बांधायचा तर दगड तिथलाच फोडायचा आणि खड्डा पडेल त्याचं टाकं करायचं, ही जुनी रीत. पाऊस आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण कातळावर तो थांबतो कुठे? पोलादपूरच्या डोंगरातल्या वाड्यांना हे वेगळं सांगायला नको. जुलैत दरड कोसळायची भीती, आणि मे महिन्यात टँकरची वाट.

हिरकणीचा बुरूज सगळ्यांना ठाऊक आहे, तिथे आम्ही थांबत नाही.

उतरल्यावर महाडात मात्र घाई करू नका. चवदार तळं भर गावात आहे. गाड्या पुढून निघून जातात, याचं आम्हाला नेहमी नवल वाटतं. या तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत, पण अस्पृश्य मानलेल्या माणसांना बंदी होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली झाला, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं. पण ते कागदावरच. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. तळं बाटलं म्हणून गोमूत्र-शेण टाकून शुद्ध करण्यात आलं. नगरपालिकेने ठराव मागे घेतला. डिसेंबरात लोक पुन्हा जमले, तेव्हा कोर्टाची मनाई आडवी आली. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली.

तिथे बायकाही आल्या होत्या. बाबासाहेब त्यांच्याशी वेगळे बोलले: जातीची खूण सांगणारी लुगडं नेसायची पद्धत सोडा, अंगावरचे जड दागिने उतरवा, मुलींना शाळेत घाला. त्यानंतर कित्येकींनी लुगडं नेसायची तऱ्हा तिथल्या तिथे बदलली. कोर्टातलं भांडण पुढे दहा वर्षं चाललं. मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये, तळं सर्वांचं.

वेळ उरला तर हायवेलगतची गांधारपाले लेणी बघा. बौद्ध भिक्षूंनी तिथेही राहायच्या खोल्यांशेजारी कातळात पाण्याची टाकी खोदलीत.

आणि घरी आल्यावर गावातल्या म्हाताऱ्या आजीला विचारा, आपल्या कुठल्या विहिरीवर कोणाला चढू देत नव्हते, वरून ओंजळीत पाणी कोण ओतायचं, त्यासाठी किती वेळ उभं राहावं लागायचं. तिला बोलायचं असेल तर आम्हाला कळवा, रेकॉर्डर घेऊन येतो.