तिजोरीपासून शाळेपर्यंत : युगांडाच्या सरकारी खर्चाचा हिशेब

गरीब देशांच्या विकासाची चर्चा बहुधा पैसा किती हवा, या प्रश्नापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. परकीय मदत किती मिळावी, कर्ज किती माफ व्हावे, कर किती वाढवावेत, याचे आकडे मांडले जातात. अर्थसंकल्पात एखाद्या खेड्यातील शाळेच्या नावे टाकलेली रक्कम त्या शाळेच्या हाती पडते काय, हा त्याहून साधा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. पूर्व आफ्रिकेतील युगांडाने तो १९९६ मध्ये विचारला. मिळालेले उत्तर राज्यकर्त्यांना खाली मान घालायला लावणारे होते. पण ते दडपून न ठेवता त्यावर उपाय योजण्यात आला. त्यामुळे अल्प उत्पन्न असलेल्या देशाने सार्वजनिक खर्चाचे नियोजन कसे करावे आणि त्यात कोणते धोके संभवतात, याचा अभ्यास करणारे आजही युगांडाच्या अनुभवापासून सुरुवात करतात.

मोडकळीला आलेली तिजोरी

१९६२ मध्ये स्वतंत्र झालेल्या युगांडाची अर्थव्यवस्था कॉफी, कापूस आणि चहा या पिकांवर उभी होती. १९७१ मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या इदी अमीनने पुढच्याच वर्षी आशियाई वंशाच्या हजारो नागरिकांना व व्यापाऱ्यांना देशाबाहेर काढले. व्यापार व उद्योगाची घडी विस्कटली. अमीनच्या पतनानंतरही यादवी थांबली नाही. १९८६ मध्ये योवेरी मुसेवेनी यांनी सत्ता हाती घेतली, तेव्हा सरकारकडे कर गोळा करण्याची यंत्रणा जवळपास उरली नव्हती आणि नोटा छापून खर्च भागवण्याची सवय मात्र जडली होती. चलनवाढीचा वार्षिक दर दोनशे टक्क्यांवर गेला होता. मे १९८७ मध्ये शंभर जुन्या शिलिंगांच्या बदल्यात एक नवा शिलिंग देऊन चलनच बदलण्यात आले.

अशा स्थितीत विकासाचा खर्च वाढवणे दूरच, सरकारचा दैनंदिन खर्च चालवणेही अवघड होते. १९९१ मध्ये स्वतंत्र महसूल प्राधिकरण स्थापन झाले, तेव्हा सरकारचे कर उत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे सात टक्के इतकेच होते. दशकाच्या अखेरीस ते बारा टक्क्यांच्या आसपास पोहोचले.

हाती असेल तेवढाच खर्च

१९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराची कोटा पद्धत मोडली आणि जागतिक बाजारात कॉफीचे भाव कोसळले. निर्यातीसाठी कॉफीवर विसंबलेल्या युगांडाला त्याचा मोठा फटका बसला. महसूल घटला, तूट वाढली आणि १९९२ मध्ये चलनवाढ पुन्हा पन्नास टक्क्यांच्या घरात गेली. त्या वर्षी सरकारने दोन निर्णय घेतले. अर्थ खाते आणि नियोजन खाते एकत्र करण्यात आले. या एकत्रित खात्याचे सचिव इमॅन्युएल तुमुसिइमे-मुतेबिले यांनी पुढील दशकभर आर्थिक शिस्तीची धुरा वाहिली. २००१ पासून जानेवारी २०२२ मध्ये निधन होईपर्यंत ते देशाच्या मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होते. दुसरा निर्णय होता रोख अर्थसंकल्पाचा. तिजोरीत जेवढा महसूल प्रत्यक्ष जमा होईल, तेवढाच पैसा त्या महिन्यात खात्यांना सोडायचा, त्यापलीकडे मध्यवर्ती बँकेकडून उचल घ्यायची नाही, असा हा कडक नियम होता.

महागाई लवकरच आटोक्यात आली. महागाईचा पहिला घाव हातावर पोट असलेल्यांवर बसतो, हे लक्षात घेतले तर हा निर्णय गरिबांच्या हिताचाच होता. परंतु त्याची किंमतही मोजावी लागली. आपल्याला पुढच्या महिन्यात किती पैसे मिळतील, हे कोणत्याच खात्याला सांगता येईना. पुरवठादारांची बिले थकू लागली. पैसा कमी पडला की ज्या खात्याचा वशिला कमी, त्याच्यावर प्रथम कात्री चाले. यावर उपाय म्हणून प्राथमिक शिक्षण, प्राथमिक आरोग्य, पाणीपुरवठा, ग्रामीण रस्ते आणि शेती विस्तार सेवा यांसारख्या बाबींना अग्रक्रमाच्या यादीत स्थान देऊन त्यांच्या तरतुदींना संरक्षण देण्यात आले.

वर्षापलीकडचा विचार

केवळ एका वर्षाच्या अर्थसंकल्पावर शाळा किंवा दवाखाने चालत नाहीत. आज इमारत बांधली, तर उद्या शिक्षकाचा पगार, परवा छपराची दुरुस्ती आणि दरवर्षी पुस्तके यांची सोय करावी लागते. परदेशी देणगीदार इमारत बांधून देतात आणि तिचा आवर्ती खर्च मात्र यजमान देशाच्या गळ्यात पडतो, हे अनेक गरीब देशांचे जुने दुखणे आहे. म्हणून १९९० च्या दशकात युगांडाने पुढील तीन वर्षांचा महसूल, मदत आणि खर्च यांचा एकत्रित अंदाज बांधणारी मध्यमुदतीची चौकट हळूहळू उभी केली. प्रत्येक क्षेत्राला खर्चाची मर्यादा आधीच कळू लागली. १९९७ मध्ये दारिद्र्य निर्मूलनाचा कृती आराखडा तयार झाला आणि अग्रक्रम ठरवण्यासाठी त्याचा आधार घेण्यात आला. त्याच वर्षाच्या प्रारंभी प्राथमिक शिक्षण मोफत करण्यात आले. सुरुवातीला ही सवलत प्रत्येक कुटुंबातील चार मुलांपुरती होती. एका वर्षात पटावरील मुलांची संख्या सुमारे तीस लाखांवरून त्रेपन्न लाखांवर गेली.

शंभरातले तेरा

याच काळात एक कोडे पुढे आले होते. शिक्षणावरील तरतूद वर्षानुवर्षे वाढत असताना सरकारी आकडेवारीनुसार पटसंख्या जागेवरच होती. तेव्हा तरतूद आणि शाळा यांच्या मधल्या वाटेत काय घडते, हे पाहण्यासाठी १९९६ मध्ये जागतिक बँकेच्या सहकार्याने एक पाहणी हाती घेण्यात आली. अठरा जिल्ह्यांतील अडीचशे शाळांची १९९१ ते १९९५ या काळातील दप्तरे तपासण्यात आली. केंद्र सरकार दर विद्यार्थ्यामागे ठरावीक अनुदान जिल्हा कार्यालयामार्फत शाळांना देत असे. पगाराखेरीजच्या खर्चासाठी, म्हणजे पुस्तके, खडू, डागडुजी यांसाठी, ते होते.

या अनुदानातील सरासरी अवघे तेरा टक्के शाळांपर्यंत पोहोचत होते. बहुसंख्य शाळांना तर एक शिलिंगही मिळाला नव्हता. शाळा प्रत्यक्षात पालकांच्या वर्गणीवर चालल्या होत्या. शिक्षकांच्या पगारात गळती त्या मानाने कमी होती, कारण पगार थकला की शिक्षक आवाज उठवतो. अनुदान नावाची काही रक्कम येत असते, हेच पालकांना ठाऊक नव्हते, त्यामुळे ती न आल्याची तक्रार करणारेही कोणी नव्हते. सगळाच पैसा कोणाच्या खिशात गेला, असे नव्हे. बराचसा जिल्ह्याच्या अन्य खर्चाकडे आणि स्थानिक राजकारणाकडे वळला होता. मिळालेल्या अनुदानातही विषमता होती. सधन वस्तीतील शाळा आपला वाटा भांडून घेत, गरीब वस्तीतील शाळा रिकाम्या हाती राहत.

पाहणीतून आणखी एक गोष्ट उघड झाली. शाळांच्या स्वतःच्या नोंदींनुसार त्या पाच वर्षांत पटसंख्या सुमारे साठ टक्क्यांनी वाढली होती. राजधानी कंपालातील कागदांवर ना ही वाढ दिसत होती, ना ही गळती.

वृत्तपत्रातील तक्ते

सरकारने त्यानंतर निवडलेला उपाय अगदी साधा होता. कोणत्या जिल्ह्याला कोणत्या महिन्यात किती अनुदान सोडले, याचे तक्ते प्रमुख वृत्तपत्रांत व त्यांच्या स्थानिक भाषांतील आवृत्त्यांत छापले जाऊ लागले. आकाशवाणीवरूनही माहिती दिली जाऊ लागली. शाळेला काय मिळाले, याचा फलक दर्शनी भागात लावणे शाळांना सक्तीचे करण्यात आले. ज्या मुख्याध्यापकाला आजवर जिल्हा कार्यालयातून पैसे आलेच नाहीत असे उत्तर मिळे, त्याच्या हाती आता छापील आकडा आला.

२००१ च्या सुमारास पुन्हा पाहणी झाली, तेव्हा शाळांपर्यंत पोहोचणाऱ्या अनुदानाचे प्रमाण ऐंशी टक्क्यांच्या वर गेले होते. रित्वा राइनिक्का आणि याकोब स्वेनसन या अर्थतज्ज्ञांनी यावर अभ्यास केला. वृत्तपत्र विक्रीच्या ठिकाणापासून जी शाळा जवळ, तिथली सुधारणा अधिक, असे त्यांना आढळले. या निष्कर्षाला जगभर प्रसिद्धी मिळाली. मात्र सारे श्रेय वृत्तपत्रांना देणे योग्य नाही, असे नंतरच्या टीकाकारांनी दाखवून दिले. मोफत शिक्षणाची राजकीय प्रतिष्ठा, देणगीदारांचा दबाव, तपासणीची नवी व्यवस्था आणि अनुदान सोडण्याच्या पद्धतीतील बदल हेही त्याच काळात घडले होते. माहितीमागे तपासणी आणि राजकीय इच्छाशक्ती उभी होती, म्हणून तिला धार आली.

कर्जमाफीचा पैसा

एप्रिल १९९८ मध्ये युगांडा हा अतिऋणी गरीब देशांसाठीच्या कर्जमुक्ती योजनेचा लाभ पूर्णत्वाने मिळवणारा पहिला देश ठरला. वाचलेला पैसा सर्वसाधारण खर्चात विरून जाऊ नये, म्हणून त्याच वर्षी दारिद्र्य कृती निधी उभारण्यात आला. हा वेगळा खजिना नव्हता. अर्थसंकल्पातीलच काही कार्यक्रमांना विशेष खूण करून, त्यांना ठरलेली रक्कम पूर्ण मिळेल याची हमी देण्यात आली होती. निधीतील पाच टक्के देखरेख व हिशेबासाठी राखून ठेवण्यात आले. त्रैमासिक बैठकांना देणगीदारांबरोबर स्वयंसेवी संस्था आणि पत्रकारही येत. १९९२ मध्ये दारिद्र्यरेषेखालील लोकसंख्या छप्पन्न टक्के होती, ती दशकाच्या अखेरीस पस्तीस टक्क्यांच्या आसपास आली. त्यात स्थिर चलनाचा आणि मध्यंतरी वाढलेल्या कॉफीच्या भावाचाही मोठा वाटा होता.

या व्यवस्थेचेही तोटे होते. खुणा केलेल्या अनुदानांची संख्या इतकी वाढली, की जिल्ह्यांना स्वतःची गरज ओळखून खर्च करण्याचे स्वातंत्र्य उरले नाही. विकेंद्रीकरण कायद्यात होते, पैशाच्या नाड्या मात्र कंपालाच्याच हाती राहिल्या. शिवाय २००० च्या आसपास अर्थसंकल्पाचा जवळपास निम्मा भार परकीय मदतीवर होता. ज्याचा पैसा तो हिशेब मागतो, या न्यायाने सरकार आपल्या मतदारांपेक्षा देणगीदारांना अधिक उत्तरदायी झाले, अशी टीका होत राहिली.

पैसा पोहोचला, शिक्षक कोठे?

अनुदान शाळेपर्यंत नेऊनही काम पुरे होत नाही, हे लवकरच दिसून आले. २००२-०३ मध्ये अनेक विकसनशील देशांत अचानक भेटी देऊन पाहणी करण्यात आली. युगांडात प्राथमिक शाळांतील २७ टक्के शिक्षक आणि ३७ टक्के आरोग्य कर्मचारी जागेवर आढळले नाहीत. भारतातील शिक्षकांचे हे प्रमाण २५ टक्के होते, तर महाराष्ट्रात ते देशात सर्वांत कमी, सुमारे १५ टक्के होते. सर्वाधिक खर्च पगारावर होत असल्याने ही गैरहजेरी हीच सर्वांत मोठी, पण लेखापरीक्षणात न दिसणारी गळती ठरते. त्यातच एकेका वर्गात शंभराच्या वर मुले कोंबली गेली. तिसरीतील बहुतेक मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता येत नाही, असे पुढच्या दशकातील चाचण्यांनी दाखवून दिले.

नव्या वाटा, नवी गळती

देखरेखीची साधने नंतरच्या काळात वाढली. २००१ च्या कायद्याने संसदेला अर्थसंकल्प छाननीसाठी स्वतःचे तज्ज्ञ कार्यालय मिळाले. हिशेब संगणकावर आले, महालेखापरीक्षकांना २००८ च्या कायद्याने अधिक स्वायत्तता मिळाली आणि २०१५ मध्ये सार्वजनिक वित्त व्यवस्थापनाचा नवा कायदा झाला. गैरव्यवहारांनीही आपली वाट बदलली. २०१२ मध्ये महालेखापरीक्षकांच्या तपासणीत असे उघडकीस आले, की यादवीने होरपळलेल्या उत्तर भागाच्या पुनर्वसनासाठी आलेली परकीय मदत पंतप्रधान कार्यालयातून अन्यत्र वळवण्यात आली होती. ही रक्कम सव्वा कोटी डॉलरच्या आसपास होती. ब्रिटन, आयर्लंड आदी देशांनी मदत थांबवली आणि युगांडाला आयर्लंडचे चाळीस लाख युरो परत करावे लागले. २०२३ मध्ये करामोजा या कोरडवाहू, दरिद्री प्रदेशातील कुटुंबांच्या घरांसाठी आलेले पत्रे भलतीकडेच गेल्याच्या प्रकरणी थेट मंत्र्यांवर खटले भरले गेले.

२०१० नंतर सरकारचा भर शाळा-दवाखान्यांकडून रस्ते आणि वीज प्रकल्पांकडे वळला. नाईल नदीवर १८३ मेगावॅटचा इसिंबा प्रकल्प २०१९ मध्ये आणि ६०० मेगावॅटचा करुमा प्रकल्प २०२४ मध्ये सुरू झाला. दोन्ही चिनी कर्जातून उभे राहिले. वीज हवी होती, यात शंका नाही. परंतु जमीन संपादन, आराखडे आणि निविदा वेळेत पूर्ण न होता कर्ज मंजूर करून घेतले, तर न वापरलेल्या रकमेवरही बांधिलकी शुल्क भरावे लागते, हे महालेखापरीक्षकांचे अहवाल वारंवार सांगत आले आहेत. कर्जाचा बोजा राष्ट्रीय उत्पन्नाच्या निम्म्याजवळ पोहोचल्यामुळे व्याज हा खर्चाचा मोठा वाटेकरी झाला आहे. वर्षाच्या मध्यात येणाऱ्या पुरवणी मागण्या, विशेषतः संरक्षण आणि अध्यक्षीय कार्यालयाच्या, मंजूर अर्थसंकल्पाचे गांभीर्य कमी करतात. २०२२ मध्ये पॅरिश या स्थानिक प्रशासकीय घटकाला दरवर्षी दहा कोटी शिलिंग देणारी योजना सुरू झाली. तिचा पैसा गावकऱ्यांच्या पतसंस्थांमार्फत कुटुंबांना कर्जाऊ दिला जातो. तीन दशकांपूर्वीचा जुना प्रश्न त्यामुळे नव्या रूपात उभा राहिला आहे.

हिशेब कोण मागणार?

२०२५ मध्ये अमेरिकेने आपली परकीय मदत मोठ्या प्रमाणावर थांबवली, तेव्हा एड्सवरील उपचारांसह अनेक आरोग्य कार्यक्रमांचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न युगांडापुढे उभा ठाकला. मदत आटते तेव्हा प्रत्येक शिलिंगाचे मोल वाढते. युगांडाच्या अनुभवातून काही गोष्टी निर्विवादपणे पुढे येतात. चलन स्थिर नसेल तर कोणतीही तरतूद टिकत नाही. अनेक वर्षांचा आवर्ती खर्च मोजल्याखेरीज बांधलेली इमारत ओझे बनते. पैसा सोडला याचा अर्थ तो पोहोचला असा होत नाही आणि तो पोहोचला याचा अर्थ मूल शिकले असाही होत नाही. या प्रत्येक टप्प्यावर स्वतंत्र मोजणी करावी लागते. ती मोजणी तज्ज्ञांच्या अहवालात बंद न राहता शाळेच्या भिंतीवरील फलकापर्यंत आली, तेव्हा ज्यांच्यासाठी तो पैसा होता, त्यांनाच तो मागता आला. फलक लावणे स्वस्त असते. त्यावरील आकडा वाचून विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देणारी व्यवस्था वर्षानुवर्षे जिवंत ठेवणे हे खरे खर्चिक काम आहे, आणि ते युगांडात अजून संपलेले नाही.