शारदा आणि कुणब्याची बायको: प्रतिनिधित्व मोजायचं कसं?

अडचणीत सापडलेली तरुण स्त्री हा मराठी नाटकाचा जुना विषय. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना 'अमुक नाटकातील स्त्रीप्रतिनिधित्व' असं शीर्षक अनेक जण घेतात आणि स्त्रीपात्रं मोजायला बसतात. मोजणी करा, पण ती पुरत नाही. का पुरत नाही, ते दोन नाटकं शेजारी ठेवून बघू.

पहिलं तुम्हाला माहीत आहेच: गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत शारदा', १८९९. कांचनभट पैशाच्या लोभाने आपली मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. लग्न मोडतं, पण कशामुळे? शारदेचं रडणं कुणी मनावर घेतलं म्हणून नव्हे. वधू-वर सगोत्र आहेत हे उघड होतं म्हणून. पुढे ती जीव द्यायला निघते, तेव्हा तिला वाचवतो तो सुधारक कोदंड. म्हणजे दुःख तिचं, निर्णय मात्र पुरुषांचे आणि शास्त्राचे. तिची भूमिकाही पुरुष नटच करत. बालगंधर्वांची शारदा गाजली. स्त्रियांच्या नाटक मंडळ्या एकोणिसाव्या शतकातही होत्या, पण प्रतिष्ठित मंडळ्यांच्या रंगमंचावर त्यांना जागा नव्हती.

दुसरं नाटक त्याच्याही ४४ वर्षं आधीचं: जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न', १८५५. इथे संकटात आहे एक गरोदर कुणबी स्त्री. पोटातल्या बाळावर ग्रहांचं अरिष्ट आहे, अशी भीती जोशी तिला घालतो आणि शांतीच्या नावाखाली नवरा-बायकोला नागवतो. शेवटी दोघं शिकायचं ठरवतात: नवरा जोतीरावांच्या शाळेत, बायको सावित्रीबाईंच्या. तिला वाचवायला कोणी कोदंड येत नाही. सुटकेची वाट शाळेतून जाते, आणि ती वाट तिला स्वतः चालायची असते.

आता या दोन्ही नाटकांचं पुढे काय झालं ते बघा. शारदेचा लौकिक एवढा वाढला, की १९२९च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला तिच्यावरून 'शारदा कायदा' म्हणतात, असं आजही काही जण समजतात. (ते नाव हरविलास सारडांवरून आलंय. प्रबंधात ही चूक करू नका.) 'तृतीय रत्न' फुल्यांनी दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठवलं होतं. ते नाकारलं गेलं, आणि कमिटीतल्या ब्राह्मण सभासदांच्या आग्रहामुळे हे झालं, असं फुल्यांनी 'गुलामगिरी'त नोंदवलंय. नाटक छापून आलं थेट १९७९ साली. तब्बल १२४ वर्षांनी!

मधल्या काळात मराठी नाटकाचा इतिहास लिहिला जात होता आणि त्या इतिहासातली पीडित तरुणी बहुतेक वेळा एकाच थरातली दिसत होती. त्यावरून 'त्या काळी बहुजन स्त्रीवर कुणी लिहिलंच नाही' असा निष्कर्ष काढला, तर तो सरळ चुकीचा ठरतो. लिहिलं होतं, वाचकापर्यंत पोहोचू दिलं गेलं नव्हतं.

म्हणून कुठलंही नाटक हाती घ्या आणि चार प्रश्न वेगवेगळे विचारा. रंगमंचावर कोण दिसतं? निर्णय कोण घेतं? भूमिका कोण करतं? आणि संहिता कुणाची छापली जाते, जपली जाते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'स्त्री' आलं, तरी उरलेल्या तिघांची उत्तरं वेगळी असू शकतात.

सरावासाठी लांब जायला नको. आमच्या मीरा-भाईंदरचंच उदाहरण घ्या. उत्तनच्या कोळी आणि ईस्ट इंडियन वस्त्या, आगरी गावं, भाईंदर पूर्वेचे स्टील भांड्यांचे कारखाने, मीरा रोडचं नया नगर: एका महापालिकेच्या हद्दीत किती तऱ्हेच्या तरुणी राहतात! इथल्या एकांकिका स्पर्धांवर किंवा हौशी नाट्यसंस्थांवर काम करायचं असेल, तर त्यांतली कोण नायिका होते आणि कोण फक्त मोलकरणीच्या प्रवेशापुरती येते, ते आधी टिपा. मग न निवडलेल्या, न छापलेल्या संहिता शोधा. त्या कुणाच्या तरी कपाटात, हस्तलिखितात किंवा जुन्या झेरॉक्समध्ये पडलेल्या असतात. लिहिणारी माणसं हयात आहेत, तोवर त्यांना गाठा. पुढच्या 'तृतीय रत्न'ला पुन्हा १२४ वर्षं थांबायला लागू नये.