दोन व्हीसीआरचे शहाणपण

परवा बुलढाण्यात लग्नाच्या फिल्मचे एडिटिंग करणारा एक मुलगा डोक्याला हात लावून बसला होता. मूळ फाइली त्याने दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवल्या होत्या. पडद्यावर चित्रच येईना. मला व्हीसीआरचा काळ आठवला.

नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणारे नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला. एडिटिंग दोन व्हीसीआरवर. एकावर कॅसेट चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच भाग उतरवायचा. या पद्धतीत मधले एक दृश्य लांबवायचे, तर पुढचे सारे पुन्हा उतरवावे लागे. नकलेची नक्कल काढली की चित्र फिके पडे. म्हणून बटण दाबण्याआधी क्रम पक्का ठरलेला बरा.

संगणकात कात्री मूळ फाइलला लागतच नाही. कुठून कुठवर दाखवायचे एवढेच तो टिपून ठेवतो, फाइलच्या पत्त्यासह. पत्ता बदलला की चित्र हरवते. मुलाने नवा पत्ता दाखवला, नवरा-नवरी परतली!

मी कवी, खाडाखोड माझ्या अंगवळणी पडलेली. तरीही सांगतो, यंत्र कोणतेही असो, आधी क्रम ठरवावा आणि मूळ प्रत जपावी.